हवेवरची फोमच्या गोळ्यांची बंदूक घरी करतोय, गोळी पुढे जातच नाही

चिमटा_पक्कड (धागाकर्ता, पुणे)

मंडळी, मदत हवी आहे. लेक चौथीतून पाचवीत गेली. सुट्टीत तिच्या मामाने फोमच्या गोळ्यांची बंदूक आणली, तिचा आतला प्लॅस्टिकचा खटका तेराव्या दिवशी तुटला. गोळ्या मात्र चाळीस उरल्या. तेव्हा मी (मला कोणी विचारलं नव्हतं) म्हणालो की अशी बंदूक आपण घरी करू. ते बोलून आता तीन आठवडे झाले.

केलं ते असं. ६३ मिमीचा पीव्हीसी पाईप, ४० सेंमी लांब, दोन्ही तोंडांना टोपी. एका टोपीत सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह कापून बसवला. दुसरीकडे अर्ध्या इंची बॉल व्हॉल्व्ह आणि त्यापुढे अर्ध्या इंची सीपीव्हीसी पाईपची नळी. सायकल पंपाने साठ पाउंडापर्यंत हवा भरली, नळीत गोळी ठेवली, कॉक फिरवला.

फुस्स. गोळी दोन पावलांवर जाऊन पडली, आणि मागून सगळी हवा तिची समजूत काढत बाहेर आली. लेकीने माझ्याकडे पाहिलं नाही, हे जास्त लागलं.

हवा भरपूर आहे, गळती नाही (साबणाचं पाणी लावून पाहिलं). मग ताकद जाते कुठे? अजून हवा भरू का?

ठिबक_सिंचन (सांगली)

कॉक फिरवायला तुम्हाला पाव सेकंद लागतो. गोळी आहे एका ग्रॅमची. दार जरासं किलकिलं झालं की पहिल्याच झुळकीत ती नळीतून निघून जाते, आणि दार पूर्ण उघडेपर्यंत ढकलायला समोर काही उरतच नाही. झडप झटकन उघडली पाहिजे. आमच्या बागेत ठिबकला सोलनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणाऱ्या झडपा) आहेत, ते एकदम उघडतात. एखादा जुना असेल तर पाठवू?

गेज_तुटलं

थांबा. दोघंही थांबा, आणि त्या पाईपमधली हवा आधी सोडा.

मी वीस वर्षं कॉम्प्रेसर लाइनवर काम केलंय. पीव्हीसीवर छापलेला दाब पाण्यासाठी असतो, हवेसाठी नव्हे. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पाइपाला तडा गेला तर चिळकांडी उडते आणि संपलं. हवा दाबून भरली की ती स्प्रिंगसारखी ऊर्जा धरून बसते. पाईप फुटला की ती सगळी एका क्षणात सुटते, आणि पीव्हीसी फाटत नाही, त्याच्या चाकूसारख्या कपच्या होतात. उन्हात राहिलेला, एकदा पडलेला किंवा आत चर गेलेला पाईप तर बाहेरून कळतही नाही. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागाने हवेच्या लाइनसाठी साध्या पीव्हीसीविरुद्ध कधीच इशारा दिलेला आहे.

आता हिशोब. तुमची टाकी साधारण एक लिटरची. साठ पाउंड (चौरस इंचाला) म्हणजे चौरस सेंटीमीटरला चार किलोच्या आसपास. त्यात साठलेली ऊर्जा होते ४०० जूल. म्हणजे दहा किलोची तांदळाची गोणी चार मीटर उंचीवरून सोडली तर जेवढी, तेवढी. आणि एक ग्रॅमची गोळी सेकंदाला वीस मीटरने उडवायला लागतात किती? ०.२ जूल. फोमची गोळी उडवायला तुम्ही कुशीत गोणी धरून बसलाय.

"अजून हवा भरू का" हे वाचून माझ्या पोटात गोळा आला.

चिमटा_पक्कड

हवा सोडली. टोप्या कापून पाईप भंगारात टाकला, उगाच कोणाच्या हाती लागायला नको. बायकोने तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, दोनदा.

पण मग हवा साठवायची नाही तर उडवायची कशी?

गेज_तुटलं

साठवूच नका. त्या क्षणापुरती तयार करा. बाजारातल्या स्प्रिंगच्या बंदुकांत तेच असतं. नळकांड्यात दट्ट्या, मागे स्प्रिंग. ओढून खटक्यात अडकवायचा. चाप दाबला की स्प्रिंग दट्ट्याला पुढे फेकते, समोरची हवा दाबली जाते आणि गोळीला घेऊन बाहेर पडते. दाब राहतो सेकंदाच्या बारीकशा तुकड्यापुरता, तोही किलोच्या आत. बंदूक कपाटात ठेवली तर आत काहीच भरलेलं नसतं. मुलांसाठी हेच.

आबा_आजगावकर

आमच्या लहानपणी बांबूची नळी असे, गाठ कापलेली. दोन्ही तोंडांना ओल्या कागदाचे बोळे. मागचा काठीने पुढे रेटला की मधली हवा दाबली जाई आणि पुढचा बोळा फाट्‌कन सुटे. मागचा बोळा मग पुढचा होऊन बसे. त्याचीच पुढची गोळी. तुमच्या त्या दट्ट्यात आणि ह्यात मला तरी फरक दिसत नाही, आमच्या वेळी स्प्रिंग म्हणजे उजवा हात.

रायपूरकर_जोशी

आबा, बस्तरमध्ये ह्याचा सणच आहे. जगदलपूरच्या रथयात्रेला गोंचा म्हणतात, त्यात बांबूची तुपकी असते. मालकांगोणीची हिरवी फळं, तिकडे त्यांना पेंग म्हणतात, ती नळीत भरून काठीने रेटतात. रथापुढे सगळीकडून फटाफट. लहान-मोठे सगळे एकमेकांवर मारतात. जोरात लागतं, पण सणाचं म्हणून कोणी बोलत नाही.

शांतीदूत

मुलांच्या हातात बंदुकी द्याव्यात का, ह्यावर कोणीच बोलत नाहीये.

फुलवात

बोलू की, वेगळा धागा काढा. इथे पाइपाचा व्यास चाललाय.

चिमटा_पक्कड

हा प्रश्न घरातही निघाला होता. आमचं ठरलंय: नेम माणसावर नाही, कुत्र्यावर नाही, पत्र्याच्या डब्यांवर. पाळलं जातं का? नव्वद टक्के.

असो. दट्ट्याची बंदूक जमवायला घेतली. रविवार पेठेत बोहरी आळीत सकाळ घालवली. माझं आवडतं ठिकाण आहे ते, काय करायचंय हे न सांगता काय हवंय तेवढं सांगायचं, माणूस मान वर न करता तीन पर्याय समोर टाकतो. आणलेलं सामान:

४० मिमी पाईप (आतून ३६), नळकांड्यासाठी. १२ मिमीची नायलॉनची कांडी, दट्ट्याचा दांडा म्हणून. स्प्रिंग दोन, एक मऊ, एक कडक. रबरी ओ-रिंग मूठभर. अर्ध्या इंची सीपीव्हीसी आधीचाच.

चाप कसा करायचा ह्यावर दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी असा केला: तीन मिमी ॲल्युमिनियमच्या पट्टीला एक मोठं भोक, दांडा आरपार जाईल एवढं, आणि त्याला खालून चिकटून एक अरुंद खाच. जुन्या कुलपाच्या भोकासारखा आकार. दांड्याला हॅकसॉने गोल चर पाडला. दांडा मागे ओढला की चर पट्टीपाशी येतो, रबरबँड पट्टीला वर खेचतो आणि अरुंद खाच चरात जाऊन बसते. अंगठ्याने पट्टी खाली दाबली की मोठं भोक समोर येतं आणि दांडा सुटतो. पहिल्यांदा "खट्" असा आवाज आला तेव्हा मीच चार वेळा ओढून सोडलं.

गेज_तुटलं

रिकामं सोडू नका. नळीत गोळी नसली तर दट्ट्याला समोर हवेची गादीच मिळत नाही, तो जाऊन टोपीवर आदळतो. पंधरा-वीस वेळांत टोपीला तडा. पुढे आतून फोमची चकती लावा.

चिमटा_पक्कड

जुन्या स्लिपरचा तळ कापून लावला. अंगठ्याच्या पट्ट्याचं भोक बरोबर मध्यभागी आलं, त्यातूनच हवा नळीत जाते. देवाची योजना.

नळदुरुस्ती_मिळेल

प्लंबर आहे. एक गोष्ट कोणी विचारली नाही म्हणून विचारतो. सीपीव्हीसी अर्ध्या इंची म्हणताय, पण पाइपावर काय छापलंय? एसडीआर (भिंत किती जाड ते सांगणारा आकडा, मोठा आकडा म्हणजे पातळ भिंत) ११ की १३.५? बाहेरून दोन्ही १५.९ मिमीच, कारण फिटिंग तीच बसायला हवीत. फरक आतून. ११ ची भिंत १.७, म्हणजे आतला व्यास साडेबारा. १३.५ ची भिंत १.४, म्हणजे आतून तेरा-सव्वातेरा. गोळी केवढी आहे?

चिमटा_पक्कड

गोळी १२.७ व्यासाची, ७२ लांब. कोपऱ्यावरच्या सोनाराकडे दहा गोळ्या काट्यावर ठेवल्या, १०.२ ग्रॅम भरल्या. (सोनाराने कपाळाला आठ्या घातल्या पण मोजून दिल्या. शेजारी एक बाई बांगड्या मोडायला आल्या होत्या.)

आणि पाईप १३.५ चा निघाला!! म्हणजे गोळीच्या भोवतीने हवा निसटत होती.

नळदुरुस्ती_मिळेल

तेच. ११ चा घ्या. तपासायची रीत: नळी उभी धरली तर गोळी आपोआप घसरून पडायला नको, आणि मागून हलकं फुंकलं तर निघायला हवी. फक्त फुंका, ओढू नका. तोंड लावून श्वास आत घ्यायची सवय असते आपल्याला. पोरांना तर हे करूच देऊ नका.

चिमटा_पक्कड

११ चा आणला. नळी ४५ सेंमीची ठेवली, लांब नळी म्हणजे जास्त जोर असा माझा समज. जोडणी: पुढच्या टोपीला १६ चं भोक, नळी आत, भोवती एमसील. रात्रभर वाळू दिलं.

आज सकाळी गच्चीवर पहिली फेरी. नळी जमिनीपासून १२० सेंमीवर आडवी धरली. गोळी पडली तीन मीटरवर.

कडक स्प्रिंग घातली. साडेतीन मीटर. आणि ओढताना लेकीची दोन्ही पावलं जमिनीवरून उचलली गेली. एवढी मेहनत करून अर्धा मीटर.

शिवाय एक विचित्र गोष्ट. आधी गोळी घालून मग दट्ट्या ओढला की गोळी नळीतून मागे नळकांड्यात शोषली जाते. दोनदा आतच गेली, सगळं खोलावं लागलं.

ठिबक_सिंचन

अजून कडक स्प्रिंग?

मी_अनु

तीन मीटरवर पडली म्हणताय तर वेग काढता येतो. १२० सेंमी पडायला अर्धा सेकंद लागतो. अर्ध्या सेकंदात तीन मीटर, म्हणजे सेकंदाला सहा. गोळीतली ऊर्जा ०.०१८ जूल. तुमच्या मऊ स्प्रिंगची पूर्ण ओढ किती किलो आहे? सामान मोजायचा हूकचा काटा असेल तर लावून बघा.

चिमटा_पक्कड

मऊ स्प्रिंग, पूर्ण ओढ १२ सेंमी, काटा सहा किलो दाखवतो.

मी_अनु

मग स्प्रिंगमध्ये साडेतीन जूलच्या आसपास आहेत. गोळीला मिळाले ०.०१८. शंभरातला अर्धा भाग. बाकी साडेनव्व्याण्णव भाग कुठे जातायत ते शोधा, स्प्रिंग कशाला बदलताय? माठाला भोक आहे आणि तुम्ही नळ मोठा करताय.

गेज_तुटलं

ओ-रिंग कशी बसलीय? पीव्हीसी पाईप आतून तंतोतंत गोल नसतो. शेतीचा पाईप तर दुकानात उन्हात आडवा पडून अंडाकृती झालेला असतो. ओ-रिंग घट्ट केली तर घासते, सैल केली तर एका बाजूने फट राहते. मधलं काही मिळत नाही.

चिमटा_पक्कड

तंतोतंत हेच होतंय. घट्ट केली तर दट्ट्या मुळी हळूहळू पुढे जातो, सैल केली तर फुस्स.

आबा_आजगावकर

सायकलच्या पंपात काय असतं, उघडून पाहिलंत का कधी?

चिमटा_पक्कड

आबा, तुमचा प्रतिसाद वाचून पंप उघडला. मग तसाच चौकातल्या सायकलवाल्याकडे गेलो. सविस्तर लिहितो, कारण ह्या धाग्यातलं सगळ्यात मोलाचं हेच आहे.

पंपाच्या दांड्याच्या टोकाला चामड्याचा वायसर असतो. सपाट नाही, वाटीसारखा. वाटीचं तोंड पुढे, जिकडे हवा दाबायची तिकडे. दांडा पुढे रेटला की समोरचा दाब वाटीत शिरतो आणि तिची कड बाहेर फुलवून भिंतीला चिकटवतो. जितका दाब जास्त तितकी कड घट्ट. भिंत अंडाकृती असली तरी बिघडत नाही, चामडं तिच्याप्रमाणे वळतं. आणि दांडा मागे ओढला की पुढे पोकळी होते, मागची हवा कड आत मुडपून पुढे निसटते. एकच कातड्याचा तुकडा दट्ट्याही आहे आणि झडपही. मी वयाच्या आठव्या वर्षापासून पंप मारतोय आणि हे मला आत्ता कळलं.

म्हणजे माझे दोन्ही रोग एकाच औषधाने जाणार होते. गळती थांबणार, आणि ओढताना हवा मागून आत येत असल्याने गोळी शोषली जाणार नाही.

सायकलवाले काका सत्तरीचे असतील. मी नळकांडं पुढे केलं. त्यांनी विचारलं नाही हे काय आहे. डब्यातून पायपंपाचा मोठा वायसर काढला, नळकांड्याच्या तोंडाशी धरला, म्हणाले "मोठा आहे, चालेल." चहाच्या भांड्यातल्या कोमट पाण्यात टाकला. पाच मिनिटांनी काढून दोन्ही अंगठ्यांनी कड वर वळवत वळवत, कुंभार वाटीला कड देतो तसा, नळकांड्यात दाबून बसवला. "रात्रभर असाच राहू दे. सकाळी काढ, वाळला की दोन थेंब एरंडेल. बोटाने कडेला फिरव, मध्ये नको." पैसे विचारले तर पंधरा म्हणाले, वायसरचे. पाण्याचे नाहीत.

मी_अनु

आणि??? निकाल कुठाय?

चिमटा_पक्कड

लेकीला शाळेचं पुस्तक आणायचं होतं हो. आत्ता आलो.

स्प्रिंग तीच मऊ. नळी तीच ४५ सेंमी. गच्चीवरच्या टाकीमागे पत्र्याचा तेलाचा डबा ठेवला, पाच मीटरवर. पहिली गोळी डब्यावरून पलीकडच्या इमारतीच्या दिशेने गेली. ती अजून सापडलेली नाही.

वेग मोजायची रीत मी_अनु ह्यांनी व्यक्तिगत निरोपातून सांगितली होती: फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करायचा, सुटल्याचा "फट्" आणि डब्यावरचा "टण्" ह्यांतलं अंतर बघायचं. फोन माझ्याजवळ असल्याने टण् परत यायला लागलेले ०.०१५ सेकंद वजा करायचे. ४५ सेंमीच्या नळीला सतरा मीटर सेकंदाला आले. मग नळी थोडी थोडी कापत गेलो. ३० सेंमीला फट् आणि टण् मध्ये ०.२६५, म्हणजे ०.२५ सेकंदात पाच मीटर, वीस मीटर सेकंदाला. तिथे थांबायला हवं होतं. मोहाने २० सेंमी केली, पुन्हा अठरावर आलो. नवी नळी आणून ३० ला कापली.

मी_अनु

पाव सेकंदात गोळी किती खाली यायला हवी? ३१ सेंमी. नेमाच्या किती खाली लागली?

चिमटा_पक्कड

लेक "बाबा, एक फूट वर धरायचं" असं आपणहून म्हणाली होती!

मी_अनु

मग आकडा बरोबर आहे. सहावरून वीस म्हणजे ऊर्जा अकरा पट. स्प्रिंग तीच, हात तोच. पंधरा रुपयांत.

नळीचं पण जमतंय. तुमच्या नळकांड्यात हवा १२२ घनसेंमी, ३० सेंमीच्या नळीत ३७. तिपटीहून थोडी जास्त. नळी फार लांब झाली की पुढच्या भागात ढकलायला दाब उरत नाही आणि गोळी नुसती घासत राहते. फार आखूड झाली तर दाब वापरायच्या आत गोळी बाहेर.

शेंगदाणा_चटणी (न्यू जर्सी)

मागून वाचलं, मजा आली. इथे ह्या छंदाचं मोठं वेड आहे, मोठी माणसं खेळतात. फोमच्या खेळण्यांची सुरुवात १९६९ मधल्या फोमच्या चेंडूने झाली, बंदुका नंतर आल्या. आणि तुमच्या "हवा साठवायची की नाही" वादाचा एक धागा लॉनी जॉन्सन ह्यांच्यापाशी जातो. हा माणूस नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबमध्ये गॅलिलिओ यानावर काम करत होता. १९८२ मध्ये घरी बाथरूममध्ये पाण्यावर चालणाऱ्या उष्णता पंपाचा प्रयोग करताना तोटीतून धार अशी काही जोरात सुटली की त्यांनी त्याची पाण्याची बंदूक केली. पहिला नमुना पीव्हीसी पाईप, ॲक्रिलिक आणि सोड्याची बाटली जोडून. तीच पुढे १९९० मध्ये बाजारात आली आणि नंतर सुपर सोकर म्हणून जगभर खपली. फोमच्या गोळ्यांच्या हवेवरच्या बंदुकांवरही त्यांनी नंतर काम केलं. म्हणजे बाथरूम आणि गच्ची, दोन्हींची परंपरा चांगली आहे.

अजून एक. इथे खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खेळण्याच्या बंदुकीच्या तोंडाला केशरी रंग कायद्यानेच लागतो. तिकडे सक्ती असो नसो, तुम्ही द्या. काळा रंग देऊ नका.

चिमटा_पक्कड

केशरी आणि पोपटी, लेकीची निवड. सोसायटीच्या वॉचमनने पहिल्या दिवशी विचारलं "मॅडम, पिचकारी का?" म्हणजे रंग योग्य आहे.

चष्मा_काढा

डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते म्हणून हे लिहिणं भाग आहे. फोम मऊ म्हणून कोणी गॉगल लावत नाही. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, अशाच बंदुकीची गोळी डोळ्याला लागून बुबुळापुढच्या कप्प्यात रक्त उतरलं होतं. एक अकरा वर्षांचा मुलगा, दोन मोठी माणसं. तिघांचंही पुढे बरं झालं, पण मोठी माणसंही होती हे लक्षात घ्या. बारा मिलिमीटरची गोळी खोबणीच्या हाडात अडत नाही, थेट डोळ्यापर्यंत जाते. पॉलिकार्बोनेटचा गॉगल, बाजू बंद असलेला. उन्हाचा चष्मा चालत नाही. बघणाऱ्यालाही लावा, मारणाऱ्याला तर लावाच.

आणि पुढे रबरी चूषक असलेल्या छोट्या गोळ्या लहान भावंडं असलेल्या घरात नकोत. तोंडात गेल्या की घशात चिकटतात.

चिमटा_पक्कड

तीन गॉगल आणले. तिसरा सासूबाईंसाठी. त्यांचा नेम सगळ्यांत चांगला आहे, बेचकीवर हात बसलेला.

ठिबक_सिंचन

गोळ्या संपल्यावर काय? विकतच्या महाग पडतात.

नळदुरुस्ती_मिळेल

बांधकामाच्या सांध्यात भरायचा बॅकर रॉड मिळतो, करड्या फोमची दोरीच असते, मीटरवर. १२ चा जरा सैल होईल, दुकानात नळीचा तुकडा घेऊन जा आणि त्यात घालून बघून घ्या. कापायचा अर्ध्या लांबीचा, साडेतीन सेंमी. लांब गोळी जात असताना माशासारखी शेपूट हलवते. पुढच्या टोकाला वजन लागतंच, नाहीतर गिरक्या खाते, पण खिळा, छर्रा, वायसर असं काही नको. ग्लू गनचा थेंब, वरून फेल्टची चकती.

शांतीदूत

मी विरोधातच होतो. पण पुतण्या हट्ट धरून बसलाय. ४० मिमीचा पाईप किती लांब लागतो?

चिमटा_पक्कड

या, बसा. २५ सेंमी. १२ ओढीचे, बाकी स्प्रिंग दबून बसायला आणि मागच्या टोपीला.

शांतीदूत (सहा महिन्यांनी)

धागा वर काढतोय. बंदूक दिवाळीपर्यंत झकास चालली. आता काढली तर गोळी पुन्हा तीन मीटरवर. स्प्रिंग ढिली झाली का? पुतण्या म्हणतो कडक घाला.

चिमटा_पक्कड

स्प्रिंगला हात लावू नका. वायसर वाळलाय. बाहेर काढून कड दाबून बघा, खाकऱ्यासारखी कडक लागेल. पाण्यात भिजवा, नळकांड्यात घालून रात्रभर ठेवा, वाळला की तेल.

शांतीदूत

एरंडेल घरात नाही. खोबरेल चालेल का?

आबा_आजगावकर

सकाळी बाटली उलटी करून बघा, पडतंय का. डिसेंबर आहे.

शांतीदूत

नाही पडत. निघालो एरंडेल आणायला.